माळढोकाचा बॅकअप

फुकट मिळालेल्या वस्तूचं माणूस किती कौतुक करू शकतो हे बघायचं असेल तर आमच्या ताबीशला भेटावं. अक्कलकोट रोडला त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांचा टेम्पोचा धंदा भावाकडे सोपवून हा यात शिरला. दुकानात गेलात तर चहा मागाहून येतो, आधी ओपन-सोर्स म्हणजे काय याचं प्रवचन येतं. "जगातली हुशार मानसं आपापल्या घरात बसून लिवतात ताई, आन् सगळ्यांना वाटून टाकतात. उघडा, आत बघा, बदला, दुसऱ्याला द्या. कुनी अडवत न्हाई." एकदा मी विचारलं, "आणि आपलंच कुठं अडलं तर?" तर म्हणे, फोरमवर विचारायचं. फोरम म्हणजे काय, तर आपण तिथं काकुळतीला येऊन प्रश्न टाकायचा आणि चार दिवसांनी जर्मनीतल्या कुणा सद्गृहस्थानं उत्तर द्यायचं की आधी माहितीपुस्तिका वाचा.

मी महेश्वरी. एमआयडीसीत बसवेशअण्णांचा चादरी-टॉवेलचा कारखाना आहे, तिथलं ऑफिस मी सांभाळते. बिलं, पगार, फोन आणि अण्णांचा राग, असं सगळं माझ्याच टेबलावर येतं. मागच्या वर्षी आमच्या ओळखीच्या एका कारखान्यात व्हायरस शिरला आणि त्यांच्या सगळ्या फायलींना कुलूप लागलं. ते ऐकून अण्णांची झोप उडाली. त्यांनी पुण्याच्या एका कंपनीला फोन लावला, वर्षाचा आकडा ऐकला, तांब्याभर पाणी प्याले आणि म्हणाले, "महेश्वरी, त्या ताबीशला बोलव."

फुकट ते पौष्टिक, हा अण्णांचा जुना सिद्धांत. ताबीश आणि अण्णा एकमेकांसाठीच जन्माला आले होते म्हणायचे.

ताबीशनं अडगळीतला एक जुना कॉम्प्युटर घेतला, त्यात मोठ्या डिस्क बसवल्या आणि सुताच्या खोलीत एका स्टुलावर त्याची स्थापना केली. हार तेवढा घातला नाही. मग आम्हाला सगळ्यांना उभं करून त्यानं गुण सांगितले. कारखाना सुटला की हा गडी वायरीतून प्रत्येक कॉम्प्युटरचं दार वाजवणार, आत जाऊन कालपासून काय बदललंय ते बघणार आणि तेवढंच उचलून आणणार. एकच फाइल चार ठिकाणी असली तरी आपल्याकडे एकदाच ठेवणार. अण्णांच्या पुतण्याच्या लग्नाचे फोटो कारखान्यातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर होते, त्यामुळे हा गुण अण्णांना फार आवडला. शिवाय जुनंही फेकणार नाही. कालची फाइल मागा, गेल्या महिन्यातली मागा, जशी होती तशी हातात देणार. आणि सगळा कारभार एका पानावर दिसणार. झालं असेल तिथं हिरवी रेघ, नसेल तिथं लाल.

दोषही त्यानं सांगितले, नाही असं नाही. पण स्थळ दाखवताना मुलीची आई "जरा रागीट आहे" जशी म्हणते ना, त्या आवाजात. कॉम्प्युटर बंद असला तर बिचारा दार वाजवून परत जाणार. एखादा कॉम्प्युटर मेला तर तो जसाच्या तसा उभा करून देणार नाही, फायली तेवढ्या देणार. आणि कुणी उघडून बसलेली फाइल असेल तर ती उचलता येत नाही, ती सोडून पुढे जाणार. हे शेवटचं वाक्य त्यानं वायर गुंडाळता गुंडाळता म्हटलं. तोवर अण्णा चहा सांगायला वळले होते आणि मी फोन घ्यायला.

काही गडबड झाली तर ई-मेल येईल, असंही तो म्हणाला. कुणाचा पत्ता द्यायचा? मालकाचा. अण्णांनी रुबाबात दिला. त्या पत्त्याचा पासवर्ड फक्त पुतण्याला ठाऊक आहे आणि पुतण्या लग्न करून बेंगळुरूला गेलाय, हे त्या घडीला कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

आता माझ्या वडिलांबद्दल सांगते, कारण गोष्ट त्यांचीच आहे. त्यांना सगळा कारखाना नानाच म्हणतो. घरात आम्ही तेलुगू बोलतो, इथं मराठीत सांगतेय एवढंच. नाना नक्षीकार आहेत. चादरीवर, टॉवेलवर, भिंतीवर लावायच्या वॉल हँगिंगवर जे काही दिसतं ते आधी त्यांच्या हातून जातं. पूर्वी आलेखाच्या कागदावर रंगीत पेन्सिलीनं एकेक घर भरायचे, आता कॉम्प्युटरवर भरतात. हत्यार बदललं, पण माणूस बदलला नाही.

मागावर लावलेल्या उभ्या सुताला ताणा म्हणतात, आणि आमच्या घराण्यात त्याची एक रीत आहे. ताणा मागावर असेपर्यंत नक्षी मिटायची नाही. आजोबांच्या काळी नक्षीचा कागद मागासमोर टांगलेला असायचा. शेवटचा नग कापून उतरवल्याशिवाय तो गुंडाळला तर ताणा तुटतो, नाहीतर घरात कुणीतरी अंथरूण धरतं, असं मानतात. आजोबांनी एकदा पाहुणे आले म्हणून कागद गुंडाळून ठेवला, तर ते पाहुणे महिनाभर हलले नाहीत, असा भक्कम पुरावाही घरात दिला जातो.

नानांनी ही रीत कॉम्प्युटरलाही लावली. मागावर ताणा चढला की ती फाइल बंद करायची नाही, कॉम्प्युटरही बंद करायचा नाही. संध्याकाळी नुसता पडदा मालवायचा, वर आपल्याच कारखान्यातला टॉवेल टाकायचा आणि नमस्कार करून घरी यायचं. ताबीशला याचा कोण आनंद! बाकीचे लोक जाताना कॉम्प्युटर बंद करून जायचे, त्यांच्या रेघा लाल व्हायच्या आणि ताबीश त्यांना बोल लावायचा. "नानांकडून शिका जरा. नानांची रेघ कदी लाल बघितली का?"

खरंच कधी लाल झाली नाही. हिरव्या रेघेच्या शेपटीला रोज बारीक अक्षरात लिहून यायचं की काही फायली वगळल्या. ते सगळ्यांच्याच शेपटीला यायचं. ताबीश म्हणायचा, त्या कॉम्प्युटरच्या स्वतःच्या कामाच्या फायली असतात, त्या मिळाल्या न् न मिळाल्या सारख्याच.

आणि नानांच्या उघड्या फाइलीत होता माळढोक.

नानांनी सगळं आयुष्य दुसऱ्यांनी सांगितलेलं काढलं. मोर काढले, किती काढले त्याला गणती नाही. देवळं काढली, देव काढले, पुढारी काढले, एका पुढाऱ्याचं नाक त्याच्या सांगण्यावरून तीनदा लहान केलं. स्वतःहून त्यांना एकच गोष्ट काढायची होती. तरुणपणी ते सायकलवरून नान्नजच्या माळावर गेले होते, तिथं त्यांना माळढोक दिसला होता. तो कसा चालतो हे ते अजून उठून चालून दाखवतात. "एवढा थोरला पक्षी, पर घाई न्हाई बघ. तालुक्याला निघालेल्या पाटलागत चालतो." हल्ली तो फारसा कुणाला दिसत नाही म्हणतात. नानांनी अण्णांना कितीदा विचारलं असेल. अण्णांचं उत्तर ठरलेलं, "यप्पा, असला मातकट पक्षी कोन घेनार हो? त्यापेक्षा मोर घाला."

मागच्या वर्षी नानांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. मला वाटायला लागलं, बास झालं आता, त्यांनी घरी बसावं. अण्णांनाही सुरतेहून तयार नक्ष्या मिळायला लागल्या होत्या. आम्ही दोघांनी मिळून बेत केला. अण्णांचं नवीन दुकान होतंय, तिथल्या मोठ्या भिंतीसाठी नानांनी त्यांचा माळढोक काढायचा. तो मागावरून उतरला की त्याच दिवशी नानांचा सत्कार. शाल, श्रीफळ आणि पाठीमागं कलणारी मऊ खुर्ची. मी स्वतः दुकानात जाऊन, बसून, मागं कलून ती पसंत केली. सगळ्यांना बेत फार आवडला. नानांना विचारायचं तेवढं राहिलं. त्यांना सांगितलं तेव्हा ते नुसतं "बरं" म्हणाले.

कोपऱ्यातल्या हातमागावर आमच्या विणकरानं, अजिनाथनं, ताणा चढवला. नानांनी फाइल उघडली. ताबीशचा तो गडी त्याच्याही आधीपासून सुताच्या खोलीत ठाण मांडून होता.

दिवाळी झाली. नाना म्हणाले, पंखांचं काम राहिलंय. संक्रांतीची गड्ड्याची यात्रा झाली. नाना म्हणाले, मानेखाली जरा बघायचंय. अण्णा दर सोमवारी विचारायचे, मी रोज रात्री जेवताना विचारायची. "नाना, कधी होणार?" "होतंय की." अजिनाथ रिकाम्या ताण्याकडे बघून दुसऱ्या मागावर जायचा. मी चिडायची. एवढी सुंदर खुर्ची घेऊन ठेवलीय, आणि हा माणूस पिसं मोजत बसलाय!

मार्चमध्ये एका सकाळी नानांनी टॉवेल उचलला, पडदा लावला, तर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. डिस्क गेली होती.

मी घाबरले, अण्णा घाबरले. ताबीश मात्र आला तो नवरदेवासारखा. एवढे महिने तो या दिवसाची वाट बघत असावा. "चहा सांगा ताई. दुपारपर्यंत तुमचा पक्षी माळावर." त्यानं नवी डिस्क बसवली, सगळी मांडामांड केली आणि सुताच्या खोलीतल्या गड्याला हाक मारली. फायली यायला लागल्या. मोर आले. देवळं आली. लहान नाकाचा पुढारी आला, मोठ्या नाकाचाही आला, कारण हा जुनं फेकत नाही ना! नानांची तेलुगू भजनं आली. पुतण्याच्या लग्नाचे फोटो आले. अण्णा टाळ्या वाजवायचे तेवढे बाकी होते.

शेवटी माळढोकाचं फोल्डर आलं. ताबीशनं ते उघडलं. आत काही नव्हतं.

त्यानं पुन्हा मागवलं. कालचं मागवलं, परवाचं, दिवाळीच्या आधीचं मागवलं. प्रत्येक वेळी फोल्डर आलं आणि रिकामं आलं. मग तो ती बारीक अक्षरं उघडून वाचायला लागला, आणि वाचता वाचता त्याचं तोंड उतरत गेलं. रोज एक फाइल वगळली होती, रोज तीच. जन्मल्यापासून जी कधी बंदच झाली नव्हती, ती त्याला उचलता आली नव्हती. ज्या फायलींना कुणी हात लावत नव्हतं त्या सगळ्या जपून ठेवल्या होत्या, आणि जिच्यावर रोज काम चालू होतं ती एकटी बाहेर राहिली होती.

ताबीश तिथंच फरशीवर बसला. "नाना, तुमी एकदा... एकदा जरी बंद केली असती..." तो म्हणाला.

"ताणा मागावर हाय की," नाना म्हणाले. जणू एवढं सांगितलं की पुढं बोलायला काही उरत नाही.

मी ताबीशला नको नको ते बोलले. फुकटचं ते फुकटचंच, म्हणाले. चाळीस प्रवचनं दिलीस, एक फाइल नाही देता आली. तो मान खाली घालून ऐकत होता. एरवी त्याच्या सॉफ्टवेअरला कुणी फुकटचं म्हटलं की तो अर्धा तास फुकट आणि मुक्त यातला फरक समजावतो. त्या दिवशी समजावला नाही.

अण्णा म्हणाले, "जाऊ द्या नाना. मोर घालू या. मोर तयारच हाय."

मला वाटलं, नाना हो म्हणणार. आयुष्यभर हो म्हणत आलेला माणूस. पण ते म्हणाले, "न्हाई. मी पुन्ना काढतो." आणि लगेच खुर्ची पुढं ओढून बसलेसुद्धा.

आता इथून पुढं मला काळजी लागली, आणि ती नाना रडतात म्हणून नव्हे. नाना दोन भाकरी खायचे, ते तिसरी मागायला लागले. सकाळी माझ्याआधी तयार होऊन दारात उभे. बूट पुसलेले. येता-जाता गुणगुणणं. रिक्षावाल्याला माळढोक कसा चालतो ते रिक्षातून उतरून दाखवलं. मला वाटलं, धक्का डोक्यावर गेला. इतक्या महिन्यांचं काम मातीत गेलेला माणूस शेंगाचटणी आणखी वाढ कसा म्हणेल? मी शेजारच्या निंगव्वाला विचारलं. ती म्हणाली, "कुनाकुनाचं दुःख पोटात जातं बाई." ते तर मला दिसतच होतं.

उलट ताबीशची रया गेली होती. दुकान उशिरा उघडायचा. त्यानं फोरमवर सगळी हकीगत लिहिली, नानांची रीतसुद्धा लिहिली. जर्मनीतल्या सद्गृहस्थाचं उत्तर आलं. उघड्या फायली घेता येत नाहीत हे माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं आहे. खाली एक ओळ होती, तुमच्या वडीलधाऱ्यांचा पक्षी आम्हाला बघायला आवडला असता. ती ओळ ताबीशनं मला दाखवली तेव्हा मला त्याची दया आली.

एप्रिलमधल्या एका दुपारी त्याचा फोन आला. "ताई, दुकानावर या. आत्ता. नानांना काय बोलू नका."

मी गेले. त्यानं आधी चहा सांगितला, तेव्हाच ओळखलं की काहीतरी मोठं आहे.

झालं होतं असं. सुताच्या खोलीतल्या गड्याची डिस्क भरत का आली हे तो बघत होता. नानांच्या नक्ष्यांचं फोल्डर तर महिनोन्महिने हललंही नव्हतं, मग त्यांच्या कॉम्प्युटरवरून रोज एवढं काय येत होतं? शोधता शोधता तो एका आडबाजूच्या फोल्डरात पोचला. नक्षी काढायचं ते सॉफ्टवेअर मधूनमधून आपल्यापुरती एक कच्ची नक्कल तिथं टाकून ठेवतं, लाइट गेली तर असावी म्हणून. नाव असं असतं की वाचून कुणाला वाटावं, कीबोर्डवरून मांजर गेलं. असला कचरा घ्यायचा नाही असं ताबीशनं बॅकअपला सांगायला हवं होतं. ते करायचं तो विसरला होता. म्हणून त्या गड्यानं तो कचराही इमानेइतबारे रोज उचलला, आणि जुनं फेकायचं नाही हा त्याचा स्वभावच.

"म्हंजी, पक्षी हाय?" मी विचारलं. मी असं गावाकडचं बोलायला लागले की समजावं, माझा जीव गळ्याशी आलाय.

"येक न्हाई ताई. रोजचा हाय."

त्यानं फायलींची नावं बदलली आणि एकेक उघडत गेला. आधी माळ आला, वाळक्या गवताचा. मग पाय आले. मग दिवसागणिक पक्षी भरत गेला, पोट, छाती, ती लांब पांढरी मान, डोक्यावरची काळी टोपी. दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत तो तिथं पुरा उभा होता, एक पाय उचललेला, अजिबात घाई नसलेला. मी नक्षीकाराची मुलगी आहे, मला कळतं. त्या पक्ष्यात आणखी एक घर भरायची जागा नव्हती. इतकं सुंदर काही माझ्या बापानं कधी काढलं नव्हतं.

"पुढं?" मी म्हटलं.

पुढच्या दिवशी मानेखाली एक पीस जास्त होतं. त्याच्या पुढच्या दिवशी ते नव्हतं. मग चोच एक घर वर. मग चोच एक घर खाली. गवताची एक काडी आली, गवताची एक काडी गेली. संक्रांत, महाशिवरात्र, सगळे सण तसेच. पीस आलं, पीस गेलं.

ताबीशनं डोकं खाजवलं. "ताई, ही सॉफ्टवेअरची चूक असंल का? फिरून फिरून तेच येतंय."

"नाही रे," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. चहा घेऊन आलेला माणूस दारातूनच परत गेला.

पक्षी झाला की नानांना उतरवणार होतो आम्ही. शाल घालून, नारळ देऊन, मऊ खुर्चीत. आणि ताणा मागावर असेपर्यंत नक्षी मिटायची नाही, एवढीच एक गोष्ट त्या माणसाच्या हातात उरली होती. ती धरून ते रोज सकाळी एक पीस घालत होते आणि दुसऱ्या दिवशी काढत होते. आणि मी रोज रात्री ताटावर बसून विचारत होते, कधी होणार. मला माझाच एवढा राग आला की ताबीशवर काढलेला राग त्यापुढं काहीच नव्हता.

"चला, नानांना सांगू या," ताबीश म्हणाला. गेले कित्येक दिवस मेल्यासारखा फिरणारा पोरगा, डोळे लकाकत होते त्याचे. मी थांब म्हणेपर्यंत त्यानं स्कूटर चालूसुद्धा केली होती.

आम्ही पोचलो तेव्हा नाना पडद्याला नाक लावून बसले होते. नव्या माळढोकाचं पोट चाललं होतं.

"नाना, सापडला!" ताबीश म्हणाला.

नानांचा हात जागच्या जागी थांबला. "कोन?"

"पक्षी. पुरा. रोजच्या रोजचा हाय."

डिस्क गेली त्या दिवशी नानांचा चेहरा पडला नव्हता. तो आता पडला. त्यांनी ताबीशकडे नाही, माझ्याकडे बघितलं. "रोजचा?"

"हो," मी म्हटलं.

"तू बघितलंस?"

"बघितलं नाना."

त्यांनी चष्मा काढला, टॉवेलानं पुसला, बराच वेळ पुसला. मग तेलुगूत, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, "घरी बसून काय करू बिड्डा? भिंतीकडं बघू?"

ताबीशला तेलुगू येत नाही, पण तो काही मूर्ख नाही. पीस आलं, पीस गेलं, हे त्यानंही बघितलं होतं. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू ओसरला आणि त्याला सगळं उमगलेलं मला दिसलं.

तेवढ्यात मागून अण्णा आले. नव्या दुकानाच्या पत्रिकेचा नमुना हातात. "काय सापडलं म्हनत हुता रे?"

नाना पडद्याकडे बघत होते. मी तोंड उघडलं, पण ताबीश माझ्याआधी बोलला. त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी मर्दुमकी त्याच्या तोंडाशी आली होती. फुकटच्या त्या गड्यानं असं काही करून दाखवलं होतं की पुण्याच्या कंपनीनं टोपी काढावी. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा नानांच्या पाठीकडे.

"काय न्हाई अण्णा," तो म्हणाला. "टेंपररी फायली हुत्या. कचरा."

"पक्षी न्हाई?"

"न्हाई."

"मी म्हनलो हुतो की!" अण्णांना मनापासून बरं वाटलं. स्वतःचं म्हणणं खरं ठरलं की त्यांचं नुकसानही भरून येतं. "फुकटच्या मालाचं असंच असतंय बग. चार पैसे टाकून त्या पुन्याच्या कंपनीला बोलावलं असतं तर? तू लई उड्या मारत हुतास." आणि मग त्यांनी ताबीशला फुकट वस्तूंच्या तोट्यांवर एक लांबलचक व्याख्यान दिलं. तांब्याभर पाणी पिऊन ते फुकट कुणी आणायला लावलं होतं, हे मी विचारलं नाही. ताबीश सगळं ऐकत उभा राहिला. मधे एकदाही फोरमचं नाव काढलं नाही.

"व्हय अण्णा," शेवटी तो म्हणाला. "त्याच्या मर्यादा हायत."

अण्णा समाधानानं पत्रिका हलवत गेले. त्यांची पावलं जिना उतरून गेली.

"पुसून टाकू नको बरं का ते," नाना न वळता म्हणाले.

"न्हाई नाना. त्यो फेकत न्हाई काई," ताबीश म्हणाला. "लागंल तवा मागा."

नानांनी चष्मा लावला आणि माउस हातात घेतला. नव्या पक्ष्याच्या पोटाखाली एक घर भरलं, मान मागं घेऊन ते बघितलं. "या खेपेला पाय जरा येगळे काढीन म्हन्तो," ते म्हणाले. "मागच्याचे लई घाईत झाले हुते."

"सावकाश काढा नाना," मी म्हटलं.